मेयोतल्या बॅलिनटबरला पहिल्यांदा जाताना

पहिल्या खेपेला आम्ही आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या मेयो काउंटीतल्या बॅलिनटबरसाठी वीस मिनिटं धरली होती. वेस्टपोर्टला जाता जाता गाडी थांबवायची, जुनं ॲबी, म्हणजे मठाचं चर्च, बघायचं, चार फोटो काढायचे आणि सुटायचं. पोचलो तर रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागलेल्या आणि काळ्या कोटातली माणसं भिंतीपाशी उभी. कुणाचा तरी अंत्यविधी चालला होता. आम्ही गाडीतच काचा वर करून बसलो आणि कधी आटपतंय याची वाट बघू लागलो (आज हे लिहितानाही लाज वाटते). एक म्हातारेबुवा काचेपाशी वाकले. वाट चुकलात का, म्हणाले. चर्च बघायला आलोय म्हटल्यावर हसले आणि सगळं झालं की चहाला या म्हणाले. ज्याचं नावही माहीत नाही अशा माणसाच्या मयताला जाऊन आम्ही तिथे चहा प्यायलो. फोटो एकही काढला नाही. वेस्टपोर्टला पोचेपर्यंत अंधार पडला होता.

त्यानंतर चार-पाच वेळा जाणं झालं. डब्लिनमध्ये नवीन आलेली मंडळी पश्चिमेकडे जायचं म्हणाली की मी त्यांना आधी हे सांगतो: या चर्चमध्ये १२१६ पासून प्रार्थना अखंड चालू आहे, मधली जवळजवळ अडीचशे वर्षं वर छप्पर नव्हतं तरीही. गावकऱ्यांच्या लेखी ते आधी त्यांचं रोजचं चर्च आहे, पर्यटनस्थळ नंतर. तेव्हा बेत आखताना तिथल्या लोकांचा आठवडा कसा जातो ते आधी बघायचं.

आधी ‘पॅरिश’ समजून घ्या

आपण गाव म्हटलं की एक पेठ, एक पार, एक एसटी थांबा डोळ्यांपुढे येतो. बॅलिनटबरला तसं काही शोधू नका. चर्च आहे, शाळा आहे, थोडी घरं आहेत आणि बाकी सगळी वस्ती शेतांमधून विखुरलेली, कोकणातल्या वाड्यांसारखी. या विखुरलेल्या घरांना एकत्र बांधतं ते पॅरिश. एक चर्च, एक शाळा, एक स्मशानभूमी आणि एक फुटबॉल क्लब, असा साधारण संसार.

घोळ असा की पॅरिश दोन प्रकारची. जुन्या जमिनीच्या नोंदींतली वेगळी, कॅथलिक चर्चच्या कारभारातली वेगळी. नोंदींत बॅलिनटबर आणि बरिसकारा ही दोन पॅरिश, तर चर्चच्या लेखी दोन्ही एकच, आणि तिचं दुसरं चर्च कारनाकनला. पॅरिशच्या पोटात टाउनलँड, म्हणजे शेतजमिनीचे नावानिशी ओळखले जाणारे तुकडे. देशभरात असे ६०,००० हून जास्त आहेत. पत्ता विचारलात तर माणूस टाउनलँडचं नाव सांगेल, रस्त्याचं नाही. घर शोधायचं असेल तर एअरकोड मागून घ्या. हा सात अक्षरी पिनकोड प्रत्येक घराला स्वतंत्र असतो.

पाट्यांवरची आयरिश नावंही वाचत जा. ‘बॅली’ म्हणजे वस्ती, ‘टोबर’ म्हणजे विहीर किंवा झरा, म्हणून बॅलिनटबर ही विहिरीची वाडी. ‘किल’ दिसलं की तिथे बहुधा कधीकाळी चर्च होतं असं समजा, ‘नॉक’ म्हणजे टेकडी, ‘लॉख’ म्हणजे तळं.

तारीख आणि वार

मे, जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेदहापर्यंत उजेड रेंगाळतो, डिसेंबरात साडेचारच्या आतच दिवस मावळतो. पावसाचं म्हणाल तर कोकणात पडतो तेवढा तिथे वर्षभरात पडत नाही, पण आपला पाऊस चार महिने झोडपून निघून जातो आणि त्यांचा बारा महिने कधीही येतो, तिरपा, बारीक, बाह्यांतून आत शिरणारा. छत्री घरीच ठेवा, वारा ती उलटी करतो. टोपीवालं जाड जॅकेट आणि चिखलात चालणारे बूट एवढं पुरे.

वार मात्र विचार करून ठरवा. शनिवारी दुपारी लग्न असण्याची शक्यता मोठी. २००१ साली नट पियर्स ब्रॉस्नननं इथेच लग्न केलं, तेव्हापासून बाहेरची जोडपीही या चर्चचा विचार करू लागली असं गावातले गमतीनं सांगतात. रविवारी सकाळी मास (कॅथलिकांची सामुदायिक प्रार्थना) असतो. नुसत्या भिंती बघायच्या असतील तर मंगळवार-बुधवार बरे. पण माझं ऐकाल तर शनिवारी संध्याकाळी कॅसलबारला मुक्कामाला या आणि रविवारच्या मासला बसा. वेळ पॅरिशच्या पत्रकात असते. जुलैचा शेवटचा रविवार हा क्रोक पॅट्रिक या डोंगराच्या यात्रेचा दिवस. त्या दिवशी या भागात हजारो माणसं लोटतात, तेव्हा शांतता हवी असेल तर तो शनिवार-रविवार टाळा.

पोचायचं कसं

भारतातून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठासून सांगतो: शेंगेन व्हिसावर आयर्लंडमध्ये येता येत नाही. पॅरिस-रोम करून आयर्लंड जोडायचं असेल तर आयरिश व्हिसा वेगळा काढावा लागतो. ब्रिटनचा व्हिसा असेल तर काही अटींवर सवलत मिळते, पण ती सरसकट नाही. विमानाचं तिकीट काढण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर वाचून घ्या.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून वेस्टपोर्टची रेल्वे कॅसलबारला थांबते. तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. मनुला जंक्शनला बॅलिनाचा फाटा फुटतो, तिथे बॅलिनाला जाणारे गाडी बदलतात, आपण बसूनच राहायचं. विमानाने यायचं तर नॉकचा विमानतळ जवळचा. कॅसलबारपासून बॅलिनटबर दक्षिणेला तेरा-एक किलोमीटर, एन-८४ या गॉलवेच्या रस्त्यावरून आत वळायचं. ग्रामीण बस असतात पण त्यांच्या वेळांवर दोन दिवसांचा बेत बसवणं म्हणजे डोक्याला ताप. गाडी भाड्याने घ्या. तिथेही डावीकडूनच चालवतात आणि पर्यटक म्हणून आलेल्यांना आपला भारतीय परवाना चालतो. गाडी देणारी कंपनी विम्यासाठी मोठी रक्कम कार्डावर अडकवून ठेवते, तेवढी जागा कार्डावर असू द्या.

पाणंदीतली गाडी

मोठ्या रस्त्यावरून आत वळलात की ‘बोरीन’ लागते. हिला मराठीत नेमका शब्द आहे: पाणंद. आयरिशमध्ये रस्त्याला ‘बोहर’ म्हणतात, तो शब्दच ‘बो’ म्हणजे गाईपासून आलेला, आणि बोरीन म्हणजे छोटा बोहर. दोन्ही बाजूंना चुना-माती न लावता रचलेले दगडी गडगे, मध्ये डांबरावर उगवलेल्या गवताची शेंडी, आणि रुंदी एका गाडीची. समोरून ट्रॅक्टर आला तर ज्याच्या जवळ फाटकाची खोबण असेल त्यानं मागे घ्यायचं. खेड्यातल्या अशा स्थानिक रस्त्यांवर फेब्रुवारी २०२५ पासून ताशी ६० किलोमीटरची मर्यादा आहे. तेवढ्या वेगानं जायची हिंमत तुम्हाला होणारही नाही.

समोरचा चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलेल. हा नमस्कार आहे. तुम्हीही एक बोट उचला. अख्खा हात हलवलात तर पाहुणे म्हणून ओळखले जाल. बिघडत काहीच नाही, फक्त समजतं.

फाटकासमोर गाडी लावू नका, ते फाटक वर्षानुवर्षं बंद दिसत असलं तरी. शेतातून जाताना फाटक जसं होतं तसं ठेवून पुढे जा: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. मेंढ्यांच्या शेतात कुत्रा नेऊ नका. मोबाइलचं नेटवर्क मधूनच जातं, नकाशा आधीच उतरवून घ्या.

ॲबीत शिरल्यावर

तिकीट नाही, दानपेटी आहे. आत जाण्याआधी बाहेरून एक फेरी मारा आणि छपराकडे बघा, कारण सगळी गोष्ट त्या छपराची आहे.

असं मानतात की सेंट पॅट्रिक ४४१ साली इथे आला आणि त्यानं झऱ्याच्या पाण्यानं लोकांना बाप्तिस्मा दिला. आज उभी आहे ती वास्तू मात्र कनॉट या पश्चिमेकडच्या प्रांताचा राजा काहल क्रोव्हडर्ग ओकॉनर याची. क्रोव्हडर्ग म्हणजे लाल पंजाचा. तिची दंतकथा गावात सगळ्यांना पाठ आहे. राजा होण्याआधी काहल जिवाच्या भीतीनं लपतछपत फिरत होता, तेव्हा शेरिडन नावाच्या म्हाताऱ्यानं त्याला आसरा दिला. पुढे राजा झाल्यावर काहलनं विचारलं, तुझ्यासाठी काय करू? म्हातारा म्हणाला, आमचं जुनं चर्च पडायला आलंय तेवढं बांधून दे. राजानं हुकूम सोडला. काही वर्षांनी पुन्हा भेट झाली तर म्हातारा नाराज. चर्च बांधलंच नाही! शोध घेतला तेव्हा कळलं की गवंड्यांनी ते रॉसकॉमनमधल्या त्याच नावाच्या दुसऱ्या गावी बांधून टाकलं होतं. मग राजानं शब्द दिला की तुला त्याच्या सातपट चांगलं बांधून देतो. खरं-खोटं देव जाणे, पण सरकारी कामात पत्ता चुकण्याची ही आठशे वर्षं जुनी हकिकत मला फार आवडते.

बांधकाम १२१६ चं, ऑगस्टिनियन पंथाच्या धर्मगुरूंसाठी. १२६५ मध्ये आग लागली, पुन्हा उभं केलं. १५४२ मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या धोरणानुसार मठ खालसा झाला. १६५३ मध्ये इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैनिकांनी जाळलं. लाकडी छप्पर गेलं, वेदीवरची दगडी कमान तेवढी शिल्लक राहिली. तेव्हापासून लोक तसेच येत राहिले. पाऊस पडला तर धर्मगुरू आणि वेदी त्या कमानीखाली कोरडी, आणि बाकीचं गाव उघड्यावर भिजत गुडघे टेकून. एक-दोन हंगाम नाही, जवळजवळ अडीचशे वर्षं. त्यातला मोठा काळ कॅथलिकांवर कायद्यानं बंधनं असलेला. १८४६ मध्ये दुरुस्ती सुरू केली तर दुष्काळानं थांबवली. १८८९ मध्ये पूर्वेकडचा भाग झाकला गेला. आणि मधला लांबलचक सभागृहासारखा भाग, ज्याला नेव्ह म्हणतात, त्यावर छप्पर चढलं ते १९६६ मध्ये, साडेसातशेव्या वर्षी, फादर टॉम ईगन यांच्या खटपटीतून.

आता आत जा. वेदीपाशी उभं राहून वर बघितलंत की ती दगडी कमान दिसते. तिच्या कडेच्या दगडी फासळ्या जिथे भिंतीत उतरतात तिथे खांबांच्या माथ्यावर कोरीवकाम आहे, पानं, वेल, एकमेकांत गुंतलेले प्राणी. वेदीमागच्या भिंतीत तीन अरुंद खिडक्या आहेत. सकाळचं ऊन त्यांतून येतं, म्हणूनही सकाळी या म्हणतो. मग मागे वळून नेव्हच्या भिंतींकडे बघा. आतून पांढऱ्या, जाड, जवळजवळ रिकाम्या. ज्या भिंती तीनशेहून जास्त वर्षं आतून-बाहेरून पाऊस खात होत्या त्या या. मी तिथे एकदा हात लावून उभा होतो. दगड थंड होताच, पण पुढच्या बाकावरच्या बाई आपली पिशवी आवरत होत्या, त्यात दुधाचा कॅन आणि पावाची लादी होती, आणि तेवढ्यानं ते ‘पुरातन’ वगैरे सगळं गळून पडलं.

मासला बसणार असाल तर: मागच्या बाकावर बसा. लोक उभे राहिले की उभे राहा, गुडघे टेकतात तेव्हा नुसतं बसून राहिलात तरी चालतं. कम्युनियनच्या वेळी, म्हणजे प्रसादासारखी पातळ चकती देतात तेव्हा, रांगेत जाऊ नका. तो आपल्या देवळातल्यासारखा सगळ्यांना वाटायचा प्रसाद नाही, दीक्षा घेतलेल्या कॅथलिकांसाठीच असतो. आपल्याकडचे पाहुणे इथे हटकून चुकतात, तेही भक्तिभावानं. मधे एकदा सगळे शेजारच्यांशी हात मिळवतात, तेव्हा तुम्हीही मिळवा. फोटो मास संपल्यावर. टोप्या काढा.

संपल्यावर लगेच पळू नका. दाराशी माणसं पाच-दहा मिनिटं बोलत उभी असतात. पॅरिशची खरी बैठक ती.

बाहेरची स्मशानभूमी

चर्चला लागून थडगी आहेत, जुनी आणि कालपरवाचीही. ताज्या फुलांच्या थडग्यांपासून लांबून चाला, गवतावरून जाताना दगडांवर पाय देऊ नका.

दोन माणसांना मात्र शोधा. एक आहे टिबट ना लाँग, म्हणजे ‘जहाजांचा टिबट’, मेयोचा पहिला व्हायकाउंट, म्हणजे उमराव, १६२९ मध्ये वारला. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर जिनं इंग्रजांना जेरीस आणलं त्या समुद्रराणी ग्रेस ओमॅलीचा हा मुलगा. त्याची कबर चर्चच्या आतल्या बाजूच्या दालनात आहे. दुसरा आहे शॉन ना सागर्ट, ‘धर्मगुरूंचा शॉन’. नाव साळसूद, धंदा मात्र लपलेल्या धर्मगुरूंना पकडून बक्षीस मिळवायचा. अठराव्या शतकात तो मारला गेला आणि इथेच पुरला. त्याच्या कबरीतून झाड उगवलं आणि दगड दुभंगला असं सांगतात. ज्यांना तो पकडून देत असे त्यांच्याच स्मशानात त्याला जागा मिळाली. ती का दिली, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. विचारलं की लोक झाडाची गोष्ट सांगतात.

दुपारी: बरिसकारा आणि मूर हॉल

ॲबीपासून गाडीनं दहा-पंधरा मिनिटांवर लॉख कारा हे तळं. वाटेत बरिसकाराचं पडकं चर्च लागतं. १२९८ मध्ये ॲडम डी स्टाँटन यानं कार्मेलाइट पंथासाठी ते बांधलं. इथे छप्पर नाही, गाव नाही, कावळे आहेत. बॅलिनटबर बघून मग इथे आलात की जे घडू शकलं असतं ते दिसतं. स्टाँटन हे आडनाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लॉख काराचं पाणी फिकट हिरवट दिसतं, दूध पातळ करून त्यात रंगाचा थेंब टाकावा तसं. तळाशी चुन्याचा पांढरा थर आहे आणि खोली सरासरी दोन मीटरसुद्धा नाही, त्यामुळे उजेड तळाला लागून परत वर येतो. शेतातली खतं झिरपून हे पाणी बिघडू लागलंय ही इथली सध्याची काळजी आहे.

काठावरच्या झाडीत मूर हॉल. स्पेनमधल्या आलिकांतेत दारूच्या व्यापारात पैसा कमावून परतलेल्या जॉर्ज मूर यानं १७९० च्या दशकात ही हवेली बांधली. आता चार मजली भिंती तेवढ्या उरल्यात, खिडक्यांतून पलीकडचं आभाळ दिसतं. आत जाऊ नका. दगड सुटलेत, आणि शिवाय तिथे संरक्षित वटवाघळं राहतात, घोड्याच्या नालेसारख्या नाकाची, अंगठ्याएवढी. बाहेरून बघायला आणि जंगलातल्या वाटांवर फिरायला दोन तास ठेवा.

या घरातली माणसं ऐकण्यासारखी आहेत. मुलगा जॉन: १७९८ च्या उठावात फ्रेंच सेनापती हंबर्ट किलालाला उतरला, त्यानं कॅसलबार घेतलं आणि या तरुण वकिलाला कनॉट प्रजासत्ताकाचा अध्यक्ष केलं. प्रजासत्ताक काही दिवसच टिकलं. जॉन इंग्रजांच्या कैदेत १७९९ मध्ये वॉटरफर्डला वारला. १९६१ मध्ये त्याचे अवशेष सन्मानानं कॅसलबारला आणले, तिथल्या मॉलवर त्याची कबर आहे. (मॉल म्हणजे दुकानांचा नव्हे, गावातलं हिरवळीचं मैदान.)

नातू जॉर्ज हेन्री मूर: खासदार आणि घोड्यांचा वेडा. १८४६ च्या मे महिन्यात कोराना नावाच्या त्याच्या घोड्यानं चेस्टर कप जिंकला आणि पैजेसकट मोठी रक्कम हाती आली. तो दुष्काळाचा काळ होता. बटाट्यावर रोग पडला होता. मेयोची लोकसंख्या १८४१ च्या खानेसुमारीत सुमारे ३,८९,००० होती, १८५१ मध्ये ती २,७४,००० वर आली, कुणी मेलं, कुणी जहाजात चढलं. आजही ती १,३८,००० च्याच घरात आहे, हे त्या रिकाम्या रस्त्यांवरून फिरताना आठवत राहतं. जॉर्ज हेन्रीनं शर्यतीचा पैसा कुळांच्या पोटाला लावला, मित्रांबरोबर जहाजानं धान्य मागवलं. मूरांच्या जमिनीवर कुणी उपाशी मेलं नाही, असं या भागात आजही सांगतात.

आणि शेवट असा: १ फेब्रुवारी १९२३ ला यादवी युद्धात आयआरएच्या, म्हणजे इंग्रजांशी झालेला तह न मानणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या, लोकांनी हेच घर जाळलं, कारण या घरातला एक मुलगा, मॉरिस, नव्या सरकारच्या सिनेटमध्ये बसला होता. भिंतीवरची पाटी वाचायला विसरू नका. तीत हे देशभक्त मूर कुटुंबाचं घर असल्याचं म्हटलंय. ती लावली १९६४ मध्ये, बॅलीग्लासच्या आयआरए तुकडीनं. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं आपलं इंग्रजी कमी पडतंय. पुन्हा वाचली. तेच होतं.

मॉरिसचा भाऊ जॉर्ज लेखक झाला, लंडनमध्ये १९३३ ला वारला. त्याची रक्षा समोरच्या तळ्यातल्या कॅसल आयलंडवर पुरली आहे. काठावरून बेट दिसतं.

दुसरा दिवस: टोखर

पायात बळ असेल तर टोखर फॉड्रिग. बॅलिनटबरपासून क्रोक पॅट्रिकच्या शिखरापर्यंतची ही ३५ किलोमीटरची यात्रेची वाट सेंट पॅट्रिकच्याही आधीची, कनॉटच्या राजधानीकडून येणारा रथमार्ग होता असं मानतात. मधे विस्मृतीत गेली होती, १९८७ मध्ये फादर फ्रँक फेही यांनी पुन्हा खुली केली. शिखर ७६४ मीटरचं. आकडा ऐकून सह्याद्रीत भटकणारे हसतात, पण सुरुवात जवळजवळ समुद्रपातळीपासून आहे आणि वरचा सुळका सगळा सुट्या दगडगोट्यांचा, पाऊल टाकावं तसं मागे घसरवणारा.

निघण्याआधी ॲबीत नाव नोंदवणं आवश्यक आहे. ही वाट खासगी शेतांतून जाते, शेतकऱ्यांनी भलेपणानं जाऊ दिलं म्हणून. गडगे ओलांडायला दगडी पायऱ्या केलेल्या आहेत, त्यांवरूनच चढा, गडग्याचे दगड पाडू नका. या यात्रेचा एक नियम आहे: तक्रार करायची नाही. चिखलात पाय गेला, पावसानं झोडपलं, की ‘देवाची कृपा’ म्हणून पुढे चालायचं. वारीला जाऊन आलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

पूर्ण चालायचं नसेल तर ऑहागॉवरपर्यंत जा. तिथे जुना गोल मनोरा आहे. आम्ही पहिल्यांदा तेवढंच केलं, तेही एक सहकारी बुटाचा तळ सुटल्यामुळे लंगडत असताना. त्यानं नियम पाळला नाही.

खाणं

शाकाहारी असाल तर राहण्याच्या जागी आदल्या रात्रीच सांगून ठेवा, नाहीतर सकाळी ताटात अंड्याशेजारी सॉसेज आणि रक्ताचं काळं पुडिंग येतं. भाज्यांचं सूप मागवलंत तर त्याचं पाणी कोंबडीचं आहे का, ते विचारा. चीज-टोमॅटो-कांद्याची टोस्टी कुठल्याही पबमध्ये मिळते आणि ती मला तिथल्या पावसात चक्क आवडू लागलीय. सोडा ब्रेड आणि लोणी उत्तम. पॅरिशमध्ये दुपारी जेवायला मिळेल याची खात्री नसते, कॅसलबारहून डबा घेऊन निघा.

बोलायचं काय

हवामानावर सुरुवात करा, ती चुकत नाही. मग ‘कुठले’ हा प्रश्न येईलच. भारतातले म्हटल्यावर एखादा नक्की लिओ वराडकरांचं नाव काढतो. तेव्हा सांगा की त्यांच्या वडिलांचं वराड हे गाव मालवण तालुक्यातलं, तुमच्या-आमच्या सिंधुदुर्गातलं. त्यांच्या आधीचे टीशख, म्हणजे पंतप्रधान, एंडा केनी हे इथलेच, कॅसलबारचे. २०१७ मध्ये मेयोनं खुर्ची सोडली आणि मालवणच्या माणसानं घेतली, असं मी एकदा एका पबमध्ये म्हणून बघितलं. चहाचे पैसे कुणी घेतले नाहीत.

मग फुटबॉल, म्हणजे त्यांचा देशी ‘गेलिक’ फुटबॉल. मेयोच्या पुरुषांनी १९५१ नंतर ऑल-आयर्लंड ही देशपातळीवरची स्पर्धा जिंकलेली नाही. अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हरण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. एका अंत्ययात्रेसमोरून जल्लोष करत गेल्यामुळे शाप लागला अशी कथा आहे. यावर चेष्टा करू नका, ती त्यांनीच करायची असते. तुम्ही कारनाकनचा विषय काढा. या एवढ्याशा पॅरिशच्या महिला संघानं २००२ ते २०१७ या काळात सहा वेळा देशातलं क्लब विजेतेपद मिळवलं. त्यांची सगळ्यात गाजलेली खेळाडू कोरा स्टाँटन. बरिसकाराच्या दारावर १२९८ मध्ये जे आडनाव होतं तेच, सातशे वर्षांनी जर्सीच्या पाठीवर. वंश तोच का, हे मी विचारलेलं नाही. आडनाव या मातीतून हललेलं नाही, एवढं मला पुरलं.

राजकारण, चर्चचे अलीकडचे घोटाळे, उत्तर आयर्लंड हे विषय त्यांनी काढले तर ऐका. आपणहून काढू नका.

परतताना

गॉलवेकडे जाणार असाल तर एन-८४ वरूनच दक्षिणेला उतरा. बॅलिनरोबच्या पुढे नीलच्या बाजूला लॉख मास्कच्या काठी एक घर आहे, तिथे १८८० मध्ये कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट राहायचा. लॉर्ड अर्नचा कारभारी. खंड कमी करायला नकार दिला, कुळांना हुसकावायला निघाला, तेव्हा आदल्याच वर्षी कॅसलबारमध्ये स्थापन झालेल्या लँड लीग या कुळांच्या संघटनेच्या लोकांनी त्याला हात न लावता एकटं पाडलं. गडी कामाला येईनात, दुकानदार माल देईनात, टपाल कुणी आणेना. शेतातलं पीक काढायला उत्तरेकडून पन्नास माणसं आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई. डिसेंबरात बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला. त्याचं आडनाव मागे राहिलं. या प्रकाराला सोपा शब्द हवा म्हणून तिथल्या धर्मगुरूंनी, फादर जॉन ओमॅली यांनी, त्याचंच नाव सुचवलं असं सांगतात. पंचवीस वर्षांनी टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या जोडीला ‘बहिष्कार’ आला, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रं त्याला याच कारभाऱ्याच्या नावानं ओळखत होती.

घर खासगी आहे. गाडी फाटकासमोर लावू नका, रस्त्यावरूनच बघा आणि पुढे निघा. पेट्रोल मात्र बॅलिनरोबलाच भरून घ्या.